नौबादचे मूळ अवयव

आपल्या आयुष्यात जे मोठे आकडे येतात, त्यांत पिनकोडइतका मुकाट जगणारा दुसरा नाही. मोबाइलचा नंबर माणूस झोपेतही सांगतो. गाडीच्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे भरतो. आधारचा आकडा कुणाला सांगायचा नाही, म्हणून तरी त्याला महत्त्व आहे. आणि कर्जाचा आकडा आपण विसरलो तरी बँक विसरत नाही. पिनकोड मात्र अर्जाच्या तळाशी सहा चौकटींत कोंबायचा आणि मोकळे व्हायचे. तो सम आहे की विषम, त्याला कशाने भाग जातो, त्याच्या पोटात काय दडले आहे, हे विचारायला कुणी जात नाही. माझे म्हणणे असे, की हा त्या संख्येवर अन्याय आहे. कुठलीही मोठी पूर्ण संख्या बिनचेहऱ्याची नसते; तिच्याकडे निरखून पाहण्याची तसदी कुणी घेतलेली नसते, एवढेच. पण नुसते म्हणून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आधीच गाजलेली संख्या साक्षीला आणणे ही लबाडी होईल. म्हणून जिच्यावर आजवर कुणी कौतुकाचे बोट ठेवलेले नाही अशी एक संख्या घेऊ: बिदर शहराला चिकटलेल्या नौबादचा पिनकोड, ५८५४०२.

पहिली हरकत दारातच उभी असते, की पाच लाख पंच्याऐंशी हजार चारशे दोन ही कसली मोठी संख्या? आजकाल एवढ्यात प्लॉटचा कोपरासुद्धा येत नाही. हरकतीत तथ्य आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'मध्ये संख्यास्थानांची नावे दिली, ती एक, दश, शत करत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जातात. त्या शिडीवर आपले नौबाद लक्षाच्या पायरीवरच बसलेले दिसते, पुढच्या बारा पायऱ्या रिकाम्या. पण या मापाने कुठलीच संख्या मोठी ठरणार नाही. तुम्ही परार्ध घ्या नाहीतर परार्धाचा परार्ध. तिच्याहून लहान संख्या मोजून संपतील आणि तिच्याहून मोठ्या कधीच संपणार नाहीत. तेव्हा पूर्ण संख्यांच्या दरबारात प्रत्येक जण लहानच आहे, आणि मोठेपणा पाहणाऱ्याच्या दमावर ठरतो. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर जिचे अवयव पाडताना दुपारचा चहा थंड होतो, ती मोठी. या कसोटीला ५८५४०२ पुरेपूर उतरते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. पिनकोड ही संख्याच नव्हे, ते नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेले. बिदर अधिक नौबाद भागिले दोन असा हिशेब कुणी करत नाही. हे नाव ठेवणारे गृहस्थ मराठी होते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतात कविता-नाटके लिहिणारे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची योजना देशभर लागू झाली. एकाच नावाची गावे जागोजागी, पत्ते नाना भाषांत आणि नाना अक्षरांत. पत्र वाटणाऱ्याने करावे तरी काय, यावरचा तो उपाय होता. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे. ५८५ म्हटले की कलबुर्गी, बिदर, यादगीर हा टापू. आता गंमत पाहा. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. पिनकोड आला तेव्हाही राज्याचे नाव म्हैसूरच होते. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला मिळाले. गुलबर्ग्याचे अधिकृत कलबुर्गी झाले २०१४ साली. शिवाय कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा एका बाजारात नांदतात, त्यामुळे एकाच गावाचा उच्चार भाजीवाल्यागणिक बदलतो. सीमाप्रश्नावर महाजन आयोग बसला, उठला, त्याच्या अहवालावर भांडून दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. इतक्या उलथापालथीत ज्याला कुणी हात लावला नाही ते नाव म्हणजे हा सहा अंकी आकडा. आणि नाव म्हणून दिला तरी तो संख्या असण्याचे काही थांबत नाही. मुलीचे नाव सोनाबाई ठेवले म्हणून ती सोन्याची होत नाही हे खरे. पण ५८५४०२ हे नाव ठेवले की दोनाने भाग जाणे ओघानेच आले. वेलणकरांनी ते ठरवले नसेल, टपाल खात्याला ते कळलेही नसेल, तरी ते टळत नाही.

तर भाग घालायला बसू. नौबादला बहामनी काळातला कारेझ आहे: वर सपाट रान, खाली खडकातून कोरलेला पाण्याचा बोगदा, आणि त्याचा माग लागतो तो अंतराअंतरावर खणलेल्या उभ्या विहिरींवरून. अवयव पाडण्याचे कामही त्याच जातीचे आहे. एकेका मूळ संख्येची विहीर खणत जायचे आणि पाणी लागते का पाहायचे. दोनाची विहीर लगेच लागते, कारण शेवटचा अंक दोन. अंकांची बेरीज चोवीस, म्हणून तीनही लागतो. उरले ९७५६७. इथून पुढे खडक. पाच कोरडा, सात एक बाकी ठेवून हुलकावणी देतो, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस कोरडे, तेवीसही एकाच बाकीने हुकतो, एकोणतीस, एकतीस, सदतीस, एक्केचाळीस सगळे कोरडे. ओळीने अकरा विहिरी वाया गेल्यावर त्रेचाळीसला पाणी लागते: ४३ गुणिले २२६९. आणि २२६९ स्वतः मूळ संख्या आहे, त्याखाली काही नाही. म्हणजे नौबाद बरोबर २ × ३ × ४३ × २२६९. चार वेगवेगळे मूळ अवयव, एकही दोनदा आलेला नाही. हा हिशेब कानडीत करा, मराठीत करा किंवा उर्दूत उजवीकडून डावीकडे लिहीत करा, त्रेचाळीस कुणाच्या बाजूला सरकत नाही. सीमाभागात इतकी निर्विवाद गोष्ट सापडणे हाच मुळी एक शोध आहे.

याच्या शेजारी जिल्ह्याचे ठिकाण ठेवून पाहिले की खरी मौज. बिदरचा पिनकोड ५८५४०१. त्याला दोन, तीन, पाच करत मूळ संख्यांनी भागत चला. ओळीने बत्तीस मूळ संख्या बाकी ठेवून परत येतात आणि तेहेतिसाव्या, म्हणजे १३७ ला, दार उघडते. १३७ गुणिले ४२७३, दोन्ही मूळ. जुन्या ग्रीकांना एक नाद होता: संख्येचे तिच्याहून लहान सगळे विभाजक घेऊन त्यांची बेरीज करायची, आणि बेरीज मूळ संख्येपेक्षा जास्त भरते की कमी ते पाहायचे. बिदरचे असे विभाजक तीनच, १, १३७ आणि ४२७३, बेरीज ४४११. किल्ला, मदरसा, जिल्हाधिकारी कार्यालय आणि पदरी विभाजक ४४११ चे. नौबादचे मात्र पंधरा, आणि त्यांची बेरीज ६,१३,१५८, स्वतःच्या अंगापेक्षा सत्तावीस हजार सातशे छप्पन्नने जास्त! उपनगराने राजधानीला असे खाली पाहायला लावल्याचे उदाहरण इतिहासातही विरळा. अर्थात सहाने भाग जाणारी, सहापेक्षा मोठी प्रत्येक संख्या अशीच श्रीमंत असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सहाच्या पटीत असण्याचा आणखी एक अर्थ निघतो. दोन आणि तीन सोडले तर जगातली प्रत्येक मूळ संख्या सहाच्या पटीच्या अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या घरात राहते. म्हणजे नौबादच्या दोन्ही बाजूंची घरे मूळ संख्यांसाठी राखीव म्हणावीत अशी होती. दोन्हीकडे मूळ संख्या आल्या असत्या तर जोडमूळ संख्यांची जोडी नौबादच्या दोन खांद्यांवर बसली असती. पण अलीकडचे घर १३७ ने बिघडवले, आणि पलीकडचे ५८५४०३ तर सातानेच पोखरले, तेही दोनदा: ७ × ७ × १३ × ९१९. या उंचीवर सरासरीने तेरा-चौदा संख्यांत एक मूळ संख्या भेटते, तेव्हा दोन राखीव जागा रिकाम्या राहिल्या यात नवल नाही. हळहळ वाटायला मात्र कुणाची बंदी नाही.

एवढे सांगूनही बाजारातला माणूस विचारतो ते एकच, बेरीज किती येते? केए-३८ च्या पाट्यांवर नऊ बेरजेचे नंबर मिळावेत म्हणून धडपडणाऱ्यांची जमात इकडेही आहे, पलीकडे उदगीर-लातूरकडेही आहे. ५ + ८ + ५ + ४ + ० + २ म्हणजे २४, पुन्हा २ + ४ म्हणजे ६. अंकशास्त्री लगेच शुक्र काढतो आणि नौबादकरांना कलासक्त, खर्चिक आणि अत्तराचे शौकीन ठरवून मोकळा होतो. वास्तविक ही बेरीज म्हणजे त्या संख्येला नवाने भागल्यावर उरणारी बाकी, दुसरे काही नाही. दहा, शंभर, हजार या सगळ्यांना नवाने भागले की एकच उरतो, म्हणून अंकांची बेरीज करून भागते. दर नऊ संख्यांमागे एक सहाची. यावरून नौबादबद्दल कळते ते इतकेच, की ते उरलेल्या आठ नवमांशांत नाही. माझा अंकशास्त्र्यांवरचा राग ते संख्यांना फार महत्त्व देतात म्हणून नाही, फार कमी देतात म्हणून आहे. सहा अंकी संख्या हातात आली असता तिची एक बाकी ठेवून घ्यायची आणि २२६९ सारखा ऐवज उकिरड्यावर टाकायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत.

अंकांशी खेळावे तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांसारखे. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि मग नाशिकजवळच्या देवळालीत आयुष्यभर शाळामास्तरकी. या माणसाने एक वजाबाकी शोधली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा केले की ६१७४ येते आणि तिथेच थांबते. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनाच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या म्हटले. गाडीची वाट पाहण्याचा याहून सत्कारणी उपयोग मध्य रेल्वेच्या एवढ्या प्रवाशांत दुसऱ्या कुणाला जमल्याचे दिसत नाही. देशातले अनेक गणिती त्यांच्याकडे हौशी म्हणून पाहत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले तेव्हा आपल्याकडेही कळले, की देवळालीत कुणीतरी राहते. सहा अंकांत मात्र कापरेकरांची वजाबाकी चार अंकांइतकी सरळ वागत नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बहुसंख्य कुठेच थांबत नाहीत. त्या सात संख्यांच्या चक्रात सापडतात. नौबादचे काय होते? ८५५४२० वजा ०२४५५८, उत्तर ८३०८६२. पुढे ८८६३२० वजा ०२३६८८, उत्तर ८६२६३२. झाले, चक्र लागले. इथून ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२ आणि परत ८६२६३२. सप्तपदी होते, लग्न कधी लागत नाही. बिदर तर पहिल्याच वजाबाकीत ८४०८५२ वर, म्हणजे याच चक्रात पडते. नौबादला दोन वजाबाक्या लागतात, कलबुर्गीच्या ५८५१०१ ला तीन. आणि कापरेकर मास्तरांच्या देवळालीचा ४२२४०१ चार वजाबाक्यांनंतर येतो तोही इथेच, ४२०८७६ च्या दारात. ज्या कामासाठी वेलणकरांनी गावोगाव वेगवेगळे आकडे वाटले, ते काम कापरेकरांच्या एका खेळाने चार वजाबाक्यांत पुसून टाकले: सगळ्यांचा पत्ता एक.

आता इंग्लंडातून हरकत येते. गॉडफ्रे हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' लिहिले, त्यात असल्या अंकांच्या करामती त्यांनी कोड्यांच्या पानाकडे हाकलून दिल्या आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. उलट्या लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डी म्हणतात, यात गणितज्ञाला रस घेण्यासारखे काही नाही. मुद्दा बिनतोड आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटांच्या प्राण्याने ५८५४०२ लिहिली तर तिचे अंक वेगळे, बेरीज वेगळी, वजाबाकीचे चक्र वेगळे. म्हणजे सप्तपदी नौबादची नव्हे, आपल्या बोटांची. २ × ३ × ४३ × २२६९ मात्र कितीही बोटांनी मोजले तरी तेच. हा भेद मला मान्य आहे, त्यामुळेच अवयव आधी सांगितले आणि खेळ नंतर. पण हार्डींच्या तोंडून ही हरकत जरा अवघडच वाटते. रामानुजनला भेटायला जाताना टॅक्सीचा १७२९ हा आकडा ज्यांना नीरस वाटला होता, ते हेच. आजारी रामानुजनने अंथरुणातून सांगितले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या तीच आहे. कापरेकर असते तर त्यांनी आणखी एक सांगितले असते: तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ला उलटे करून ९१ ने गुणले की पुन्हा १७२९. हे कोड्याच्या पानावरचे आहे हे खरेच. पण शेवटी हार्डींच्या नावाबरोबर सामान्य वाचकाला आठवते ते काय, तर टॅक्सीचा नंबर.

उरते ती सर्वांत घरची हरकत. तुम्ही सांगितलेले सगळे गुण इतर हजारो संख्यांतही आहेत. सहाच्या पटी रगड, चक्रात पडणाऱ्या तर बहुसंख्य, मग नौबादचे वैशिष्ट्य ते काय? याला तार्किकांनी एक चतुर उत्तर काढून ठेवले आहे: नीरस संख्या असतीलच तर त्यांत एक सर्वांत लहान असेल, आणि सर्वांत लहान नीरस संख्या असणे हीच तिची लक्षणीय गोष्ट, म्हणून नीरस संख्या नाहीतच. हे उत्तर मी घेणार नाही. नापासांच्या यादीत पहिल्या आलेल्याचा सत्कार करून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्यातला तो प्रकार आहे. माझे उत्तर साधे आहे. एकेक गुण घेतला तर तो सामायिकच निघणार. नौबादमध्ये ० नंतर २ आहे म्हणून ती सम, अशा संख्या निम्म्या जगात. पण २, ३, ४३ आणि २२६९ हे चार अवयव, बाकी काही नाही, असे म्हटले की ती एकटीच उरते. तिच्याखेरीज दुसरी कुठलीही संख्या या वर्णनात बसत नाही, कधी बसणार नाही. ती कापरेकर संख्या नाही; तशी असायला नवाने भागल्यावर बाकी ० किंवा १ उरावी लागते आणि इथे ६ उरते. ती हर्षद संख्याही नाही, कारण तिच्या चोवीस या बेरजेने तिला भाग जात नाही. ती स्वयंभूसुद्धा नाही. ५८५३७२ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज ३० मिळवली की ५८५४०२ जन्माला येते. कापरेकरांच्या तिन्ही परीक्षांत नापास. पण हे तिन्ही नकार खणून काढल्यावरच कळले, आणि कुणी आपल्याला इतके खणून पाहिले तर आपलीही यादी साधारण अशीच निघेल.

याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला बिदरकडे पाठवावे. १३७ आणि ४२७३ यांचा गुणाकार शाळकरी पोर मिनिटात करेल. पण ५८५४०१ देऊन ते दोन परत मागा, तेहेतीस भागाकार करावे लागतात. ही एवढीशी विषमता आरएसए नावाच्या कुलपात भरली आहे, आणि १९७० च्या दशकापासून गुप्त संदेश त्यावर विसंबत आले आहेत. फक्त तिथे संख्या ६१७ अंकी असते. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे दोन अवयव पाडले गेले, तेव्हा एका संगणक-गाभ्याला सुमारे २७०० वर्षे पुरेल इतके काम लागले. बिदरचे कुलूप तेहेतीस किल्ल्यांत उघडते, म्हणून त्यात कुणी पैसे ठेवू नयेत.

पिनकोडचे दिवस मात्र भरत आल्याची चिन्हे आहेत. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाचे साधारण चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असे तुकडे पाडून प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. चिन्हे सोळा, आठ अंक आणि आठ रोमन अक्षरे. त्यांना शून्य ते पंधरा अशा किमती दिल्या, की प्रत्येक तुकड्याची एक पूर्ण संख्या तयार, आणि अशा संख्या एक लाख कोटींच्या वर. चार मीटरांत नौबादमधले एक घरही पुरते मावत नाही, तेव्हा स्वयंपाकघराला एक संख्या आणि देवघराला दुसरी मिळेल. एक सम निघेल, दुसरी विषम. या उंचीवर सरासरीने अठ्ठावीस तुकड्यांत एक मूळ संख्येचा असणार. नौबादच्या दलालांना ही बातमी लागायचा अवकाश, 'पूर्वाभिमुख, कॉर्नर, मूळ संख्या' असा प्लॉट चौरस फुटामागे शंभर रुपयांनी चढेल, आणि गिऱ्हाईक खिशातून मोबाइल काढून विचारेल, बेरीज किती येते?